न झाकलेली वीट

वाळवा तालुक्यातल्या आमच्या शेतावर गेल्या उन्हाळ्यात दोन खणांची खोली बांधायला काढली, तेव्हा भिंतींना गिलावा करायचा नाही, एवढे आधीच पक्के केले होते. कृष्णाकाठच्या गाळाच्या मातीची, भट्टीत भाजून लाल झालेली वीट आपण दोन्ही अंगांनी सिमेंटने लिंपून टाकतो, याची मला नेहमीच हळहळ वाटत आली आहे.

पद्धत निवडली ती रॅट ट्रॅप बाँडची. वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी ती केरळात रुजवली. यात वीट पट न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि बाहेरची धग आत उशिरा पोहोचते. आमच्या गवंडीमामांना ते पटत नव्हते. "पोकळ भिंतीत विंचूकाटा शिरंल की, आण्णा," असे ते म्हणाले. सर्वांत खालचा आणि वरचा थर भरीव ठेवायचा असतो, हे कागदावर काढून दाखवल्यावर त्यांनी ओळंबा हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी मात्र हाताच्या सवयीने करणीतला माल पोकळीत पडत गेला आणि दोन थर उतरवावे लागले. मला वाईट वाटले, पण त्याच संध्याकाळी मामांनी पोकळीच्या रुंदीची एक लाकडी पट्टी तासली. ती पोकळीवर ठेवायची, दोन्ही कडांना माल पसरायचा, पट्टी उचलायची आणि मगच वीट बसवायची. पुढे एकही थर बिघडला नाही. भिंत उघडी राहणार म्हणून कोपरा तुटलेली वीट ते स्वतःच बाजूला काढू लागले, आणि दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांधी, भरताना तर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

न भाजलेल्या मातीच्या बाबतीत मी अधिक सावध होतो, कारण २०१९ च्या महापुरात विरघळलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत. बुर्किना फासोतल्या गांदो या आपल्या गावी वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये मातीच्या दाबीव विटांची शाळा बांधली, तेव्हा पत्र्याचे छप्पर भिंतींपासून वर उचलून चहूबाजूंनी बाहेर काढले, जेणेकरून वारा मधून खेळावा आणि पावसाची झड भिंतीला लागू नये. त्यांना २०२२ मध्ये वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. पुराचे पाणी खालून येते, त्यावर छपराचा उपाय नाही. म्हणून आमचे जोते तीन फूट दगडी आहे आणि माती फक्त आतल्या आडभिंतीला आहे.

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून माळावरचा बारीक मुरूम चाळून घेतला, त्यात ५ टक्के सिमेंट मिसळले आणि हाताच्या यंत्रावर विटा दाबल्या. त्या न भाजता चार आठवडे ओल्या पोत्यांखाली ठेवल्या. मुदत भरल्यावर मामांनी एक वीट रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, सकाळी काढून तिच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता दोरी ताणायला घेतली.