खिशातलं मल्टीटूल: घेण्याआधी आणि घेतल्यावर मी काय तपासतो

मल्टीटूल निवडायला बसलो की मी आधी एकच गोष्ट ठरवतो: पक्कड हवी की नको. वजन, जाडी, हत्यारांची मांडणी, उघडायची पद्धत हे सगळं त्यामागून येतं. या अवजारांची मुळात दोन घराणी आहेत. एक स्विस चाकूचं. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सनर यांच्या ऑफिसर चाकूची नोंदणी १२ जून १८९७ ची. त्यात पातं मुख्य आणि बाकीची हत्यारं त्याच्या शेजारी थरांनी रचलेली. दुसरं घराणं टिम लेदरमन यांचं. १९७५ मध्ये जुनी गाडी घेऊन युरोपात फिरताना त्यांच्या खिशात चाकू होता, पण अडत होतं ते पक्कडीवाचून. त्यातून १९८३ मध्ये पहिलं पॉकेट सर्व्हायव्हल टूल बाजारात आलं. तिथे पक्कड मुख्य, आणि पातं, कानस, स्क्रूड्रायव्हर तिच्या मुठींमध्ये दडवलेले.

पक्कडीची किंमत वजनात मोजावी लागते. व्हिक्टोरिनॉक्सचं ५८ मिलिमीटरचं क्लासिक साधारण २१ ग्रॅम भरतं, ८४ मिलिमीटरचं कॅडेट ४६ ग्रॅम. लेदरमनचं स्केलेटूल १४२ ग्रॅम, तर वेव्ह प्लस २४१ ग्रॅम. माझ्या मते दीडशे ग्रॅमच्या वरचं अवजार फार दिवस खिशात टिकत नाही. ते आपसूक बॅगेत जाऊन बसतं. बॅगेसाठीच घ्यायचं असेल तर मोठंच घ्यावं. पण मग ते रोज खिशात राहील, हा हिशोब सोडून द्यावा.

म्हणून खरेदीआधी दोन कामं करावीत. पहिलं, किमान दोन आठवडे एक यादी ठेवायची. अवजाराची गरज पडली की काय करायचं होतं आणि कुठे, एवढंच लिहायचं. पार्सलची चिकटपट्टी, कपड्याचा लोंबता धागा, खेळण्याच्या बॅटरीचं झाकण, केबलचा प्लॅस्टिक पट्टा, बोटात गेलेलं कुसळ, अडकलेली चेन. घरात अवजारांची पेटी हाताशी असताना पडलेली गरज या यादीत धरायची नाही. उरलेल्या नोंदींपैकी पक्कडीशिवाय अडलं अशा किती, ते पाहायचं. बहुतेकांच्या यादीत कात्री आणि पातं वर येतात, पक्कड बरीच खाली. दुसरं, मनात असलेल्या अवजाराच्या वजनाइतके नटबोल्ट कापडी पिशवीत बांधून ते नेहमीच्या खिशात ठेवायचे आणि त्यानेच वावरायचं. जिना चढताना, खाली बसताना, पातळ कापडाची पँट असताना काय होतं ते लगेच कळतं. जाडीचा अंदाज मात्र यातून येत नाही. ती पट्टीने मोजावी; दीड सेंटीमीटरच्या पुढे गेली की बसल्यावर अवजार मांडीला रुतू लागतं.

अवजार हातात आलं की पहिली तपासणी पक्कडीची. जबडे हलके मिटून उजेडासमोर धरायचे. टोकं आधी टेकली पाहिजेत. मधे बारीक फट दिसली तरी चालते, अनेकदा ती मुद्दाम ठेवलेली असते. उलट मागची बाजू आधी टेकून टोकं उघडी राहत असतील, तर त्या पक्कडीने बारीक खिळा किंवा सुईसुद्धा धरता येणार नाही. मग पातळ कागदाची पट्टी टोकात धरून ओढायची. कागद सरकला तर टोकं बरोबर जुळलेली नाहीत, फाटला तर ठीक. त्यानंतर जबड्यात एखादा बोल्ट घट्ट धरून दोन्ही बाजूंना पिळ द्यायचा. जबडे एकमेकांवरून आडवे सरकत असतील तर मुख्य रिव्हेट ढिला आहे, आणि तो वापराने आणखी ढिला होत जातो.

याच वेळी मूठ पूर्ण ताकदीने दहा सेकंद आवळून पाहावी. काही रचनांत मुठीची उघडी बाजू, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याची कड, थेट तळहातात येते. पहिल्या पिढीच्या अवजारांचा हा ठळक दोष होता. दुकानात अवजार नुसतं हाताळून तो लक्षात येत नाही. घट्ट बसलेला नट फिरवायला लागला की मग पक्कडीआधी हात हार मानतो.

तार कापायच्या कडांना मर्यादा असते आणि ती ओलांडली की नुकसान कायमचं. तांब्याची तार, मऊ लोखंडी तार, प्लॅस्टिकचे पट्टे बिनधास्त. गिटारच्या साध्या पोलादी तारा, स्प्रिंगची तार, सायकलच्या ब्रेकची केबल ही कामं मी छोट्या मल्टीटूलवर टाकत नाही. तार कडेपेक्षा कठीण असेल तर कडेवर अर्धगोल खाच पडते, आणि त्यानंतर मऊ तारसुद्धा त्या खाचेत नुसती दबते, तुटत नाही. काही मोठ्या मॉडेलांत कापायच्या कडा सुट्या काढून बदलता येतात. रोज वायरिंग करणाऱ्याने त्याच पाहाव्यात. आणि वायरिंगचा विषय निघालाच आहे तर: या अवजारांच्या मुठी धातूच्या, विद्युतरोधक नसलेल्या. वीज चालू असलेल्या कामासाठी आयईसी ६०९०० प्रमाणाची, १००० व्होल्टची खूण असलेली वेगळी हत्यारं असतात. मल्टीटूलवर रबराची पट्टी किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलं म्हणून ते त्या रांगेत बसत नाही.

स्क्रूड्रायव्हर तपासताना लोक फक्त टोक पाहतात. टोक बघावंच, पण त्याआधी पोच बघावी. खोल भोकात बसलेल्या स्क्रूपर्यंत टोक पोहोचायला पातळ, लांब दांडा लागतो. मल्टीटूलचा दांडा आखूड असतो आणि त्यामागे लगेच जाड अंग येतं, त्यामुळे दोन सेंटीमीटर खोल स्क्रू बहुतेकांना गाठता येत नाही. प्लगपॉइंटचा डबा, प्रिंटरची मागची बाजू, लहान मुलांच्या खेळण्यांचं बूड ही ठिकाणं नेमकी अशीच.

मग टोक. फुलीच्या खाचेचा म्हणजे फिलिप्सचा स्क्रू बहुतेक ठिकाणी २ नंबरचा, बारीक यंत्रांत १ किंवा शून्य. चपट्या पट्टीतून घासून काढलेलं फिलिप्स टोक फुलीच्या दोनच बाहूंना नीट टेकतं. हलक्या कामाला ते चालतं, पण घट्ट स्क्रूवर जोर दिला की टोक खाचेतून वर सरकतं आणि फुली घासून जाते. तपासायची रीत सोपी आहे: टोक स्क्रूत बसवून बोटाने हलकेच डावीउजवीकडे हलवायचं. डुगडुगलं तर माप चुकीचं. फुलीच्या चार बाहूंच्या मधे आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या असतील तर तो स्क्रू पोझिड्राइव्हचा. त्यावर फिलिप्स टोक बसतं, पण सैल बसतं, आणि स्क्रू खराब झाला की दोष अवजाराला दिला जातो.

स्विस चाकूतल्या कॅन ओपनरच्या टोकाशी असलेलं छोटं चपटं स्क्रूड्रायव्हर हे माझ्या मते या सगळ्या जमातीतलं सर्वांत दुर्लक्षित हत्यार. फिलिप्सच्या १ आणि २ नंबरच्या बऱ्याच स्क्रूंवर ते आडवं बसवून काम भागतं, त्यामुळे वेगळ्या फिलिप्ससाठी एक थर वाढवायची गरज राहत नाही. ज्या मॉडेलांत कॉर्कस्क्रू आहे, त्याच्या वेटोळ्यात चष्म्याचं इवलंसं स्क्रूड्रायव्हर फिरवून बसवता येतं. चष्मा वापरणाऱ्याला कॉर्कस्क्रू ठेवायला तेवढं कारण पुरतं.

पोलादाबद्दल नको तितकी चर्चा होते. व्हिक्टोरिनॉक्सने आपल्या भागांची रॉकवेल सी मोजपट्टीवरची कठीणता (आकडा मोठा तितकं पोलाद कठीण) जाहीर केलेली आहे, आणि ती वाचली की अवजार कसं वापरावं ते आपोआप कळतं. पातं ५६, कात्री आणि नखांची कानस ५३, स्क्रूड्रायव्हर, कॅन ओपनर आणि टोच्या ५२, कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंगा ४९. पात्याला धार टिकवायची असते म्हणून ते सर्वांत कठीण, पण तितकंच ठिसूळही. स्क्रूड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो, म्हणून तो थोडा मऊ. स्प्रिंगला रोज वाकून सरळ व्हायचं असतं, म्हणून ती आणखी मऊ. डब्याचं झाकण उचकटायला पात्याचं टोक घातलं की ते तुटतं, तेच काम मोठ्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने सहज होतं. लेदरमनच्या बहुतेक पात्यांतलं ४२० एचसी पोलादही याच वर्गातलं. यांना धार लवकर लागते आणि माफक टिकते. खिशातल्या अवजारासाठी मला हेच बरं वाटतं, कारण ज्याला धार लावायला तासभर लागतो ते पातं लोक बोथटच वापरत राहतात. धार लावताना प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश कोन धरावा.

पात्यावर पोलादाची प्रत म्हणून नुसतं ‘४४०’ कोरलेलं असेल तर पुढचं अक्षर शोधा; कार्बन जास्त तितकं पातं कठीण. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४० सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. अक्षर लिहिलेलंच नसेल तर मी ते ए धरतो, किंवा त्याहून खालचं.

आता सांधे. प्रत्येक हत्यार एकेक करून उघडायचं. एक ओढताना शेजारचं दुसरं सोबत येत असेल तर ते रोज येणार, आणि घाईच्या वेळी नेमकं नको ते पातं उघडं असणार. पात्यावरच्या खाचेत नख अडकवून ते उघडणं कोरड्या बोटांनी सगळ्यांनाच जमतं. हाताला थोडं तेल लावून पाहा. पातं बंद करताना शेजारच्या पट्टीला घासतं का ते पाहायचं, कारण घासणारं पातं दर वेळी आपली धार थोडी थोडी गमावतं. उघड्या पात्याला बाजूने हलवल्यावर किंचित हालचाल चालते, खट असा आवाज चालत नाही.

लॉक असलेल्या पात्यात, लॉक आतल्या पट्टीचा असेल तर ती पट्टी पात्याच्या बुडाला कुठे टेकते ते पाहावं. बुडाच्या जाडीच्या पाव ते अर्ध्या भागापर्यंत आलेली असावी. जेमतेम कडेवर असेल तर ती निसटू शकते. पार पलीकडे गेलेली असेल तर झिजायला पुढे जागा उरलेली नाही. लॉक नसलेलं अवजार वाईट नसतं, फक्त त्याच्या टोकावर दाब द्यायचा नाही. चामड्याला भोक पाडताना टोच्या दाबून ढकलला की तो मिटतो आणि बोटांवर येतो. टोच्याला धार बहुधा एकाच कडेला असते, म्हणून हलका दाब देऊन त्या कडेच्या दिशेने फिरवत राहिलं की भोक पडतं.

लॉकचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचं, लॉक नसलेलं, मिटणारं पातं कारण न देता बाळगता येतं. लॉक आलं की ती सवलत जाते. जर्मनीत एका हाताने उघडणारं आणि लॉक होणारं पातं सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंधन आहे. विमानाच्या केबिनमध्ये पातं नेता येत नाही, ते चेक-इनच्या सामानात टाकावं लागतं. सतत विमानाने फिरणाऱ्याने पातं नसलेलं मॉडेल घेतलेलं बरं. सुरक्षा तपासणीत जप्त होणारं अवजार बहुधा खिशात आहे हे विसरल्यामुळेच जातं.

कात्रीची परीक्षा टोकावर घ्यायची. बुडाशी कुठलीही कात्री कापते. पातळ प्लॅस्टिकची पिशवी टोकाने कापताना ती दोन पात्यांमध्ये दुमडली तर रिव्हेट सैल आहे. छोट्या कात्रीत सर्वांत आधी तुटते ती स्प्रिंग, म्हणून ती सुटी मिळते का आणि घरी बदलता येते का हे आधीच विचारून घ्यावं. करवतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंगठ्याएवढी फांदी कापते, रोजच्या यादीत ती क्वचित येते. कॅन ओपनर कुठल्या दिशेने चालतो ते मात्र पाहून ठेवा: व्हिक्टोरिनॉक्सचा पुढे सरकत कापतो, बरेच इतर मागे येत कापतात. उलट्या दिशेने लावला तर डबा फक्त चेमटतो.

महिनाभर खिशात राहिल्यावर दुसरी तपासणी. कापडाचे तंतू सांध्यात शिरतात, तेलात मिसळून काळा चिखल होतो आणि हत्यारं जड चालायला लागतात. अशा वेळी आणखी तेल ओतू नये, त्याने चिखलच वाढतो. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून, अवजार पाण्याखालीच वीसेक वेळा उघडमीट करायचं, मऊ ब्रशने सांधे घासायचे, पूर्ण वाळवायचं आणि मग प्रत्येक सांध्याला खनिज तेलाचा एकच थेंब. खाद्यतेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं. पात्याने फळंभाज्याही कापत असाल तर खाद्यपदार्थांना चालणारं खनिज तेल घ्या. स्टेनलेस पोलादही गंजतं, विशेषतः घाम आणि लिंबाच्या रसाने. ठिपके दिसले की लगेच पुसून काढले तर खोलवर जात नाहीत.

सांधे टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेच्या स्क्रूने जोडलेले असतील तर ते ढिले झाल्यावर एका वेळी अष्टमांश फेराच आवळावा. जास्त आवळला की हत्यारं पुन्हा घोळक्याने बाहेर येतात. स्क्रू आपोआप सैल होत राहत असेल तर निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, लावावा. लाल लावला तर पुढे तो उघडणं अवघड. रिव्हेटने जोडलेल्या अवजारात यातलं काहीच करता येत नाही, म्हणून तिथे पहिल्याच दिवशीची डुगडुग मी माफ करत नाही.

याच महिन्याच्या शेवटी कुठलं हत्यार एकदाही उघडलं नाही ते बघावं. दोन-तीन असतील तर ठीक, निम्मी असतील तर त्याच घराण्यातलं एक-दोन थर कमी असलेलं मॉडेल शोधावं. हमीचे कागद तोवर जपून ठेवा. लेदरमनची हमी २५ वर्षांची आहे, पण ती साहित्याच्या आणि बनावटीच्या दोषांसाठी. गेलेली धार, उचकटताना तुटलेलं टोक आणि पोलादी तारेने पडलेली खाच त्यात धरत नाहीत.