एक गाडी, तीन कन्व्हर्टर: स्टॉल स्पीड शोधतानाचा माझा अनुभव

ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या, टाइमिंगच्या चिठ्ठीवरचा एक आकडा काही केल्या हलत नव्हता. पहिल्या ६० फुटांना २.०५ सेकंद, फार तर २.०७. पाव मैल १२.९८ सेकंदांत आणि शेवटी वेग ताशी १०८ मैल. शेवटचा वेग सांगत होता की इंजिनात ताकद आहे. पण हिरवा दिवा लागला की गाडी आधी घुटमळायची आणि मग एकदम जाग आल्यासारखी पळायची. पहिल्या ६० फुटांत गेलेली वेळ पुढे भरून निघत नाही, उलट पाव मैल संपेपर्यंत तो तोटा वाढत जातो.

इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, गिअरबॉक्स तीन गिअरचा टर्बो ३५०, मागे ४.१० गुणोत्तराचं डिफरन्शियल (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.१० फेरे) आणि २८ इंची टायर. इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला तेव्हा कार्बोरेटर, एक्झॉस्ट, सगळं बदललं. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग, मात्र मूळचाच ठेवला. तो साधारण १९०० आरपीएमला स्टॉल व्हायचा.

स्टॉल स्पीड म्हणजे काय, हे तेव्हा मला व्याख्येपुरतंच माहीत होतं. कन्व्हर्टरमधलं टर्बाइन (गिअरबॉक्सला जोडलेलं पात्यांचं चाक) जागेवर थांबलेलं असताना पूर्ण रेस दिली, तर इंजिन जास्तीत जास्त जेवढ्या आरपीएमपर्यंत चढतं, तो आकडा. त्याच्यावर चढायचं तर टर्बाइन, म्हणजे गाडी, हलायला हवी. त्याचा माझ्या गाडीशी संबंध काय, ते डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद समोर ठेवल्यावर उमगलं. मोठ्या कॅममुळे २००० आरपीएमला माझं इंजिन जेमतेम ३३० न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं, तर ४१०० ला, म्हणजे शिखरावर, ४८०. गाडी उभी असताना कन्व्हर्टर हा टॉर्क साधारण दुप्पट करून गिअरबॉक्सला देतो. म्हणजे मूळच्या कन्व्हर्टरवर मी सुमारे ६६० न्यूटन-मीटरने निघत होतो आणि जवळपास ९६० माझ्याच इंजिनात पडून होते. हे गणित मांडलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मग घाई केली. एका मित्राकडे ४५०० स्टॉलचा कन्व्हर्टर पडून होता, तो मागून आणला. गिअरबॉक्स उतरवण्याचं काम सगळ्यांना माहीत असतं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. कन्व्हर्टर शाफ्टवर सरकवताना फिरवत राहावं लागतं. इनपुट शाफ्ट, स्टेटरचा (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) आधार आणि पंप अशा तीन ठिकाणी तो खट्‌कन आत बसतो. दोन खटके ऐकून समाधान मानलं आणि बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला भिडवला, तर पंप फुटतो. भिडवल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या चकतीपासून) तीन ते पाच मिलिमीटर अंतर उरलं पाहिजे. आत आधी लिटरभर ट्रान्समिशन ऑइलही ओतून ठेवायचं.

बसवल्यावर स्टॉल मोजायला ब्रेक दाबून रेस दिली. २६०० च्या आसपासच मागची चाकं ब्रेकला न जुमानता फिरू लागली. मला वाटलं, हा काही ४५०० चा नाही, यापेक्षाही सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, चालेल. तो निष्कर्ष साफ चुकीचा होता. ब्रेकवर मिळणारा आकडा बहुतेक वेळा ब्रेकची मर्यादा सांगतो, कन्व्हर्टरची नाही. खरा आकडा कळतो तो ट्रान्सब्रेकवर, कारण तो पहिला आणि रिव्हर्स गिअर एकाच वेळी अडकवून गिअरबॉक्स जखडून ठेवतो. नाहीतर सरळ स्ट्रिपवर, एकदम पूर्ण रेस दिल्यावर आरपीएमचा काटा उडी मारून कुठे थबकतो ते बघायचं. यालाच फ्लॅश स्टॉल म्हणतात.

स्ट्रिपवर काटा ५१०० ला जाऊन थबकला. मित्राच्या गाडीत ४५००, माझ्या गाडीत ५१००, आणि वस्तू तीच! मग कळलं की स्टॉल स्पीड हा कन्व्हर्टरच्या अंगचा ठरलेला आकडा नाहीच. तो इंजिनाच्या टॉर्कवर ठरतो, ढोबळमानाने टॉर्कच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. माझ्या इंजिनाचा टॉर्क त्याच्यापेक्षा ३० टक्क्यांच्या आसपास जास्त, म्हणून स्टॉल सुमारे १४ टक्क्यांनी वर सरकला.

त्या दिवशीची चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. ६० फूट १.७८, पाव मैल १२.६६. वेळ सुधारली म्हणून सोबतचे खूश झाले, पण माझी नजर शेवटच्या वेगावर अडकली: १०५. इंजिन तेच, हवा साधारण तशीच आणि वेग तीन मैलांनी कमी. ताकद कुठेतरी गळत होती.

गळती मोजायचा हिशेब सोपा आहे. वेग मैलांत घ्या, डिफरन्शियलच्या गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणा, टायरच्या इंचांतल्या उंचीने भागा. थेट गिअरमध्ये, काहीच स्लिप (कन्व्हर्टरमधली घसरण) नसेल तर इंजिनाचे आरपीएम किती असायला हवेत ते मिळतं. माझ्यासाठी १०५ ला उत्तर येतं ५१६६. शेवटच्या रेषेवर काटा होता ६१०० वर. म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त स्लिप, आणि ती सगळी तेलात उष्णता होऊन जात होती. तिसऱ्या धावेनंतर तेलाचं तापमान १२० अंश सेल्सियसवर गेलं आणि डिपस्टिकला जळका वास येऊ लागला. त्या दिवशी चौथी धाव मी घेतली नाही.

यानंतर मात्र घाई केली नाही. कन्व्हर्टर बांधून देणाऱ्या कारागिराशी फोनवर तासभर बोललो. त्याने हॉर्सपॉवर विचारलीच नाही. गाडीचं वजन, टायर, डिफरन्शियल, कॅमची माहिती, टॉर्कचा पूर्ण आलेख आणि गिअर कितीला बदलतोस, एवढं विचारलं. गिअरच्या प्रश्नाचं कारण त्याने समजावलं तेव्हा मी वही उघडली. टर्बो ३५० चे गिअर २.५२, १.५२ आणि १.००. ६२०० ला पहिल्यातून दुसरा टाकला, तर स्लिप नसताना इंजिन ३७४० पर्यंत खाली येतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात ४०७९ पर्यंत. पहिल्या बदलात ते टॉर्कच्या शिखराखाली घसरतं. कन्व्हर्टर योग्य असेल तर तो तिथे इंजिनाला सावरून धरतो. म्हणजे स्टॉलचा उपयोग फक्त निघताना नाही, प्रत्येक गिअर बदलताना आहे. हे इतकं महत्त्वाचं असून त्याची चर्चा फार कमी होते, असं मला मनापासून वाटतं.

त्याने कमी व्यासाच्या खोक्यात वेगळ्या कोनाच्या पात्यांचा स्टेटर घालून माझ्या टॉर्कसाठी ४३०० चं लक्ष्य धरलं, शिखराच्या थोडं वर. स्टेटर बदलला की स्टॉलही हलतो आणि टॉर्क किती पटीने वाढतो तेही बदलतं, त्यामुळे एक साधताना दुसरं बिघडू न देणं हेच त्याचं कसब. सोबत मी मोठा ऑइल कूलर बसवला.

पहिल्याच धावेत फ्लॅश ४३५० दिसला. गाडी घुटमळली नाही, चाकंही फारशी घसरली नाहीत. ६० फूट १.६९, पाव मैल १२.२९, शेवटी ११०. तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला: ५४१२ हवेत, काट्यावर ५८५०, म्हणजे स्लिप साडेसात टक्के. तेल ९० अंशांच्या आतबाहेर राहिलं आणि मी दिवसभर धावा घेतल्या.

मित्राचा कन्व्हर्टर धुऊन, तपासून परत दिला. त्याच्या गाडीत तो पुन्हा ४५०० लाच स्टॉल होतो.