चुनखडीच्या गावातले रोडोडेंड्रॉन

दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर हे माझे सध्याचे गाव चुनखडीवर वसलेले आहे आणि रोडोडेंड्रॉनला चुना मुळीच सोसत नाही. तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथील टीचभर परसांत ही झुडपे फुललेली दिसतात, ती कुंड्यांमध्ये. याचे कारण नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना वेगळे सांगायला नको. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रोडोडेंड्रॉनला मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH) साधारण ४.५ ते ६ लागतो, म्हणून जमिनीशी झगडण्यापेक्षा कुंडीत आम्लधर्मी मिश्रण भरणे शहाणपणाचे.

लहान जागेसाठी बहुतेक जण जपानच्या याकुशिमा बेटावरील जातीचे संकर निवडतात. मूळ जातीची रोपे १९३४ मध्ये आमच्याच हॅम्पशायर परगण्यातील एक्सबरी बागेत आली आणि १९४७ मध्ये चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात तिचा गौरव झाला. हिची वाढ संथ आणि घुमटाकार असते. पानांच्या पाठीवर मऊ, तपकिरी लव असते, जी मला फुलांइतकीच आवडते.

मुळे तंतुमय आणि उथळ असल्याने कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी, रोप मूळच्या पातळीपेक्षा खाली गाडू नये आणि वर पाइनच्या सालीचे आच्छादन घालावे. नळाचे पाणी येथे क्षारयुक्त असल्याने छपरावरचे पावसाचे पाणी पिंपात साठवून घालतात. खरी कसोटी फुलांच्या दिवसांत नसून उन्हाळ्याच्या अखेरीस असते, कारण पुढच्या वसंताच्या कळ्या तेव्हाच धरतात आणि त्या वेळी कुंडी कोरडी पडली, तर त्या धरत नाहीत किंवा पुढे गळतात. पाने विषारी असतात, हेही घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गच्चीत हे जमेल का, असे तिकडून विचारले जाते. मिश्रण करता येईल, पाणीही साठवता येईल. परंतु चाळिशी गाठणाऱ्या उन्हात तापलेल्या कुंडीतील उथळ मुळांना वाचवणे कठीण आहे, म्हणून माझे उत्तर नकारार्थीच आहे. लाल फुलांचे भारतीय रोडोडेंड्रॉन पाहायचे असेल, तर निलगिरीच्या डोंगरमाथ्यावर जावे. गच्चीवर आम्लधर्मी मातीची हौस भागवायचीच असेल, तर अनंत लावावा: चुन्याचे वावडे त्यालाही आहे, पण दुपारची सावली मिळाली की नाशिकचा उन्हाळा तो काढतो.