फिल्टर, कागद आणि आईचं जायफळ

सोमवार, रात्री

इन्स्टंट कॉफीची बरणी आज संपली. ती पुन्हा भरायची नाही, आता घरात खरी कॉफी करायची, असं आईनेच जाहीर केलं. कशात करायची ते बघणं माझ्याकडे आलं.

कॉफी पिणारे आम्ही तिघं आणि तिघांची तऱ्हा वेगळी. आईला दुपारी चारला दुधाची, गोड, जायफळ घातलेली लागते. बाबांनी साखर सोडली तेव्हापासून दूधही नकोसं झालंय; ते मोठा कपभर काळी कॉफी घेऊन पेपर वाचतात. मला सकाळी लोकलला निघण्यापूर्वी थोडीच पण घट्ट हवी, दूध घालून.

दुकानांमध्ये भांड्यांची नावं इतकी की वाचूनच थकायला होतं. पण कागदावर मांडल्यावर लक्षात आलं, की मूळ रीती तीनच. एक, पूड गरम पाण्यात भिजत ठेवायची आणि मग गाळायची. दुसरी, पुडीतून पाणी आपल्या वजनाने झिरपू द्यायचं. तिसरी, पाणी दाबाने पुडीतून ढकलायचं. फ्रेंच प्रेस पहिल्या रीतीचा. दक्षिणेतला दोन डब्यांचा धातूचा फिल्टर आणि कागदी गाळण लावलेला कोन दुसऱ्या रीतीचे. मोका पॉट आणि एस्प्रेसोचं यंत्र तिसऱ्या रीतीचे. एरोप्रेस नावाची प्लॅस्टिकची नळी २००५ साली आली. तिच्यात पूड आधी भिजते आणि मग हाताने दाबून गाळली जाते, म्हणून ती पहिली आणि तिसरी यांच्या मधली. वसतिगृहात राहणाऱ्या भाचीला मी तीच सुचवेन.

हे मांडताना आजीची कॉफी आठवली. पाणी साखर घालून उकळायचं, पूड टाकली की स्टोव्ह बंद करायचा आणि वर झाकण ठेवायचं. थोडी मुरली की पांढऱ्या फडक्यातून गाळायची आणि वरून गरम दूध. पूड पाण्याबरोबर खळखळ उकळलेली तिला अजिबात चालत नसे. फ्रेंच प्रेसमध्ये याहून वेगळं काही होत नाही. तिथे फडक्याऐवजी जाळी आहे आणि पूड भरड आहे, एवढंच. चार मिनिटं भिजवायचं आणि जाळी खाली दाबायची. मग त्यासाठी काचेचं नवं भांडं कशाला? पातेलं, झाकण आणि फडकं घरात आहेच.

न उकळण्यामागचं कारणही पक्कं आहे. पाणी पुडीतून आधी आंबटपणा काढतं, मग गोडवा, आणि कडवट, तुरट भाग सगळ्यात शेवटी. भाजलेल्या कॉफीचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा उतरवायचा नसतो. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेच्या अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात लोकांच्या आवडीवरून एक आलेख तयार केला. त्यात चांगल्या कपासाठी पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात यावा असं धरलं आहे. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरला तर कडू. भांडं कुठलंही घेतलं तरी दळण, वेळ आणि पाण्याची उष्णता यांनी शेवटी हाच आकडा सांभाळायचा असतो.

बुधवार

बाबांच्या रक्ततपासणीचा अहवाल आला. वाईट कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरांनी गोळी दिली, तेल-तुपाबद्दल सांगितलं. कॉफीबद्दल मी मुद्दाम विचारलं. कारण मला माहीत होतं, की कॉफीच्या तेलकट अंशात कॅफेस्टॉल नावाचं एक द्रव्य असतं आणि ते कोलेस्टेरॉल वाढवतं. उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीत ते भरपूर असतं. फ्रेंच प्रेसच्या जाळीतून ते आरपार येतं. कागदातून गाळलं तर जवळजवळ सगळं कागदातच अडकतं. नॉर्वेमध्ये पाच लाखांहून जास्त लोकांची सरासरी वीस वर्षांची माहिती तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात न गाळलेली कॉफी पिणाऱ्यांपेक्षा गाळलेली पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. डॉक्टर म्हणाले, कॉफी सोडू नका, कागदातून गाळून घ्या.

बाबांच्या कॉफीचा निर्णय असा तब्येतीने घेतला. मला त्याचा आनंदच आहे, कारण काळी कॉफी कागदातून आली की अंगाने हलकी, स्वच्छ येते आणि तिचा खरा वास कळतो. दुधाखाली ते सगळं दडून जातं.

ही कागदाची युक्ती एका गृहिणीची. जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ यांना कपात येणारा गाळ आणि कडवटपणा नकोसा झाला होता. त्यांनी पितळेच्या भांड्याच्या बुडाला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद आत घातला. १९०८ साली त्याची पेटंट कार्यालयात नोंद झाली. त्यांच्या नावाचे गाळणकागद आजही मिळतात. स्वयंपाकघरात रोज तेच काम करणाऱ्या बाईला त्यातली अडचण नेमकी दिसते आणि उपायही तिथल्याच वस्तूंतून सापडतो. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे.

बाबांसाठी चिनी मातीचा कोन आणि कागदांचं पाकीट आणलं. प्रमाण पंधरा ग्रॅम पूड आणि २४० मिलिलीटर पाणी. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, म्हणजे त्याचा वास कॉफीला लागत नाही. मग पूड ओली होईल इतकंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं. पूड ताजी असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो आधी निघून गेला की पुढचं पाणी सगळीकडे सारखं मुरतं. पूड फुगलीच नाही तर ती शिळी समजावी.

पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओतायचं, ९० ते ९६ अंशांच्या मध्ये. डोंबिवलीत पाणी शंभरच्या आसपास उकळतं. पुण्यात दोनेक अंश आधी उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांलाच. म्हणजे तिथे थांबायचीही गरज नाही, उकळी आली की ओता. आरओचं पाणी मात्र नुसतं वापरायचं नाही असं ठरवलंय. त्यातले क्षार फार कमी झालेले असतात आणि क्षारांशिवाय कॉफीची चव नीट उतरत नाही, कप सपाट लागतो. निम्मं नळाचं उकळलेलं पाणी त्यात घालते.

शुक्रवार

मावसभावाने त्याचा मोका पॉट वापरायला दिलाय. अ‍ॅल्युमिनियमचा, आठ कोनी, खाली पाणी, मध्ये पूड, वर तयार कॉफी. इटलीत अल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यातून तो १९३३ साली बाहेर आला. खालच्या डब्यात वाफ आणि हवा तापून पाण्याला वर रेटते. दाब एक-दीड बारच (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा), एस्प्रेसोच्या यंत्रात तो नऊ असतो. तरीही कॉफी दाट आणि जोरकस येते, दूध सहज पेलते.

अडचणी आपल्या स्वयंपाकघरातल्या आहेत. आमच्या शेगडीच्या दांड्यांवर हे छोटं बूड टिकत नाही, खाली आधाराला जाळी ठेवावी लागते. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियम तापतच नाही. त्यासाठी स्टीलचा घ्यावा लागतो. आणि समोर उभं राहावं लागतं. गुरगुर सुरू होताच उतरवायचा, नाहीतर करपल्यासारखा वास येतो. सकाळी एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर कुकर असताना ही राखण जमणारी नाही. एकटं राहणाऱ्या, घट्ट काळी कॉफी आवडणाऱ्या माणसाने मात्र डोळे मिटून हाच घ्यावा.

शनिवार

रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून आजच स्लो लोकलने माटुंग्याला जाऊन आले. फुलबाजाराच्या वासातून पुढे आलं की दळलेल्या कॉफीचा वास येतो, तिथे दुकान विचारावं लागत नाही. माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. काउंटरवरच्या माणसाने त्यांना काही न विचारताच दाणे मोजायला घेतले.

मला मात्र त्याने विचारलं आणि सगळं समजावूनही दिलं. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला ते प्लांटेशन म्हणतात आणि पुढचं ए, बी हे दाण्याच्या आकारावरून. फळात दोन चपट्या दाण्यांऐवजी एकच गोल दाणा भरला तर ती पीबेरी. फळासकट वाळवलेली ती चेरी. यातलं बरंचसं येतं चिकमगळूर आणि कोडगूकडून. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि कडवटपणाही जास्त, म्हणून दुधात ती थोडी मिसळलेली चांगली लागते.

मग चिकोरी. ही कॉफी नव्हे. एका झाडाचं मूळ भाजून दळलेलं असतं. तिच्यात कॅफिन नाही. ती पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, म्हणून डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, काळंभोर आणि दाट होतं. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. ते वाचूनच पाकीट घ्यावं. जवळजवळ निम्मी चिकोरी असलेली पूड घेऊन कोणी कॉफीच्या चवीबद्दल मत बनवलं तर मला कॉफीबद्दल वाईट वाटतं. मी निम्मी प्लांटेशन ए, निम्मी पीबेरी आणि त्यात वीस टक्के चिकोरी घेतली. बाबांसाठी बिनचिकोरीची, वेगळी दळून.

आईच्या आणि माझ्या दुधाच्या कॉफीसाठी दक्षिणेतला फिल्टर घेतला, स्टीलचा. पितळेचा देखणा होता, पण कल्हई करून देणारा आता जवळपास कोणी राहिलेला नाही.

रविवार

सकाळी पहिलं डिकॉक्शन. वरच्या डब्यात तीन मोठे चमचे पूड, हलकी सारखी करून वर दांडीची चकती, मग उकळी उतरलेलं पाणी, झाकण. वीस मिनिटांत खालचा डबा भरला. चकती घट्ट दाबली तर थेंबही उतरत नाही, आणि ठेवलीच नाही तर पाणी पुडीत खड्डा पाडून भसकन खाली जातं. दळणही या फिल्टरला बारीक लागतं, बाबांच्या कोनाला बारीक रव्याएवढं, म्हणजे फिल्टरपेक्षा भरड. एकच पूड दोन्हीकडे चालत नाही.

दुधात पहिला घोट घेतला आणि आठवडाभर जे नुसतं वाचत होते ते जिभेला कळलं. कोनातल्या कॉफीत विरघळलेला ऐवज दीड टक्क्याच्याही आत असतो. काळी प्यायची तर तो पुरेसा, पण तीत निम्मं दूध घातलं की उरतं गढूळ पाणी. डिकॉक्शन मुळात दाट म्हणून तिप्पट दूध घातलं तरी कॉफी मागे सरत नाही. शिवाय दुधातली प्रथिनं कॉफीचा तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून चिकोरीचा आणि गडद भाजणीचा कडवटपणा इथे जाचत नाही, उलट हवासा वाटतो. कुठली पद्धत चांगली, असं मी सोमवारपासून विचारत होते. आधी विचारायला हवं ते हे, की पिणारा दूध घालणार आहे की नाही. ते कळलं की निम्मी भांडी यादीतून आपोआप जातात. आमच्या घरात दोन्ही तऱ्हेची माणसं आहेत, तर भांडीही दोन राहतील. दोन्ही मिळून एका साध्या मिक्सरच्याही किमतीत येत नाहीत.

उरलेले पैसे हाताने फिरवायच्या ग्राइंडरला ठेवलेत. दळल्यावर वास तासातासाने उडत जातो, आणि भांड्यावर हजारो रुपये घालूनही तो परत मिळत नाही. दाते असलेलाच घ्यायचा; पात्याच्या मिक्सरमध्ये काही पूड पिठासारखी होते, काही दाणे अर्धेच राहतात, आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही उतरतात. पुढच्या वेळी बाबांची कॉफी न दळता, अख्ख्या दाण्यांचीच आणीन. फिल्टरची मात्र दुकानातच दळून, पण पाव किलोच्या वर नाही, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजबाहेर.

मंगळवार

आईचं जायफळ राहिलं होतं. तिला वाटत होतं, पुडीतच किसून घालावं. मी म्हटलं, "आई, डिकॉक्शनमध्ये नको, बाकीच्यांच्या कॉफीलाही वास लागेल."

"अगं, मग दुधात घालते. तुझी आजी तरी कुठे पुडीत घालायची?"

दूध तापवून गॅस बंद केला, किसणीवर जायफळ दोनदाच फिरवलं, साखर विरघळवली आणि मग डिकॉक्शन ओतलं. दुधाबरोबर उकळलं की जायफळ उग्र होतं, असं आईचं म्हणणं. कपात दोन्ही वास वेगवेगळे कळत होते, आधी जायफळ, मागून कॉफी. आईने दुसरा अर्धा कप मागून घेतला. उद्यापासून दुपारचं डिकॉक्शन ती स्वतः लावणार आहे. तिच्यासाठी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली: तीन चमचे, चकती हलकी, पाणी आरओचं निम्मं.