खोक्यातला वर्णपट, नोंद ४: हायड्रोजनच्या तीन रेषा जागेवर आल्या

मंडळी, घरी केलेल्या खोक्यातून मी प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यातल्या रेषांची तरंगलांबी मोजतोय. गेल्या नोंदीत हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ ऐवजी ६६१ नॅनोमीटरवर अडकली होती. ते कोडं सुटलं.

खोकं तेच आहे. बुटांचा पुठ्ठ्याचा डबा, आतून काळा कागद, एका टोकाला दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून केलेली फट, दुसऱ्या टोकाला सोललेल्या डीव्हीडीचा तुकडा आणि त्यामागे मोबाइल. चूक फोटोतल्या जागेवरून तरंगलांबी काढणाऱ्या माझ्या मोजपट्टीत होती. सीएफएलमधल्या पाऱ्याच्या दोनच रेषा (४३५.८ आणि ५४६.१) धरून मी सरळ रेघ ओढली आणि तीच लालपर्यंत ताणली. डीव्हीडीचा वर्णपट मात्र सगळीकडे सारखा पसरत नाही. लाल बाजूलाही एखादी ओळखीची खूण हवी होती, आणि ती भिंतीवरच मिळाली. स्विचबोर्डाचा जुना नारिंगी इंडिकेटर म्हणजे चिमुकला निऑन दिवा! त्याच्या ५८५.२ आणि ६४०.२ या रेषा घेतल्या, चार बिंदूंतून वक्र काढला आणि हायड्रोजन वायू भरलेली काचेची ट्यूब पुन्हा पेटवली.

नवीन आकडे: ६५६.०, ४८६.४, ४३४.३. (ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात. वीज बंद केल्याशिवाय खोक्याला हात लावू नका.)

आता खरी मजा. पहिल्या आकड्याला ९/५ ने, दुसऱ्याला ४/३ ने आणि तिसऱ्याला २५/२१ ने भागा. मला ३६४.४, ३६४.८, ३६४.८ मिळाले. तीन वेगळे रंग आणि मुळाशी जवळजवळ एकच संख्या! रात्री साडेअकराला हे वहीत उतरलं आणि मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

हे अपूर्णांक योहान बामर यांचे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १८८५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, स्वीडिश शास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी केलेल्या हायड्रोजनच्या रेषांच्या मोजमापांतून ते शोधले. त्यांची खरी कमाल मला ४/३ चे १६/१२ करण्यात वाटते. तसं लिहिलं की ९/५, १६/१२, २५/२१ अशी ओळ लागते: वर ३, ४, ५ चे वर्ग आणि खाली त्याच वर्गांतून ४ वजा. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो १८९७ चा.

भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूला केंद्र दिलं, पण नवा पेच उभा राहिला. फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत सोडत क्षणार्धात केंद्रात कोसळायला हवा. १९१३ च्या सुरुवातीला डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्यासमोर बामर यांचं सूत्र आलं आणि वाट मोकळी झाली. इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच राहतो, आणि वरून खाली उडी मारली की प्रकाश निघतो. तिसरीतून दुसरीत उडी म्हणजे माझी लाल रेषा, चौथीतून दुसरीत म्हणजे हिरवट निळी. सूत्रातला तो ४ म्हणजे दुसऱ्या कक्षेचा वर्ग.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा वाद. काही ताऱ्यांत दिसलेल्या रेषा हायड्रोजनच्या मानल्या जात होत्या. बोर म्हणाले, त्या एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या हेलियमच्या आहेत. वर्णपटांचे ब्रिटिश अभ्यासक फाउलर यांनी हरकत घेतली: तुमच्या हिशेबाने हेलियम आणि हायड्रोजन यांच्या सूत्रांतल्या स्थिरांकांचं (ठरलेल्या संख्यांचं) गुणोत्तर नेमकं ४ यायला हवं, मोजमापात ४.००१६ येतंय. बोर यांनी इलेक्ट्रॉनबरोबर केंद्रही किंचित हलतं हे हिशेबात धरलं, आणि उत्तर आलं ४.००१६३!

माझ्या खोक्यात तेवढी बारीक नजर नाही. आधी चौथी, ४१०.२ ची जांभळी रेषा पकडायची आहे. ती फोटोत अजून उमटलेली नाही. या आठवड्यात फट थोडी रुंद करून मोबाइलचं ऑटो एक्स्पोजर बंद करतो आणि आठ सेकंदांचा फोटो घेतो. कुणाच्या मोबाइलमध्ये ती दिसली असेल तर किती सेकंद ठेवले ते जरूर कळवा.