गोकुळ शिरगावचा माल, सहारचं दार

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी शेजारीशेजारी आहेत. तिथल्या कारखान्याच्या आवारात चहा पीत उभं राहिलं तर उतरणारं विमान दिसतं. त्याच वसाहतीतल्या एका फाउंड्रीचा साडेसहाशे किलो माल २०२४ च्या सुरुवातीला आम्ही मुंबईहून फ्रँकफर्टच्या विमानात चढवला. मुंबईपर्यंत मात्र तो टेम्पोतून आला, रात्रभर, पुणे-बेंगळुरू महामार्गानं. लहान शहरांतल्या उद्योगांचं काय चाललंय आणि त्यात मुंबईची जागा कुठली, हे त्या दिवशी मला जेवढं उमगलं तेवढं इतक्या वर्षांच्या नोकरीत उमगलं नव्हतं.

सहार म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. मी तिथल्या एअर कार्गो कॉम्प्लेक्सजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात निर्यातीचं काम बघते. एअरलाइनकडे जागा धरायची, कस्टमच्या आइसगेट या पोर्टलवर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कागद, भरायचा, माल शेडमध्ये घालायचा, कस्टमची तपासणी करून घ्यायची, अधिकाऱ्याची 'लेट एक्सपोर्ट', म्हणजे माल बाहेर जाऊ द्यायची परवानगी, मिळवायची आणि हे सगळं विमानाच्या कट-ऑफच्या, म्हणजे माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आत. ही फाउंड्री पंपांसाठी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हाउसिंग (बाहेरचं कवच) ओतते आणि स्वतःच मशिनिंग करून जर्मनीला पाठवते. बीड जड, त्यामुळे त्यांचा माल कायम न्हावाशेव्याहून बोटीनं जायचा. विमानाशी त्यांचा संबंध आला तो तांबड्या समुद्रामुळे.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तिथे 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवलं, पाठोपाठ जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरात बड्या शिपिंग कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला. बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. युरोपला पोचायला दहा ते चौदा दिवस जास्त. पेपरात ती बातमी परदेशाच्या पानावर होती, पण गोकुळ शिरगावात ती थेट भट्टीपर्यंत पोचली. यांचा कंटेनर समुद्रातच होता आणि तिकडच्या गिऱ्हाइकाकडे शिल्लक संपत आली होती. असेंब्लीची लाइन थांबली तर त्याची भरपाई पुरवठादाराकडून वसूल होते, आणि एकदा लाइन थांबवणारा म्हणून नाव पडलं की पुढची ऑर्डर दुसऱ्या देशात जाते.

संध्याकाळी कारखान्याच्या मालकांचा फोन आला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, मी त्यांना काका म्हणते.

"ताई, आठ दिवसाचा माल तेवढा इमानानं जाऊ दे. भाडं आमच्याच गळ्यात येणार, ते येऊ दे. पण उद्या रात्री निघाला पायजे."

पाठोपाठ त्यांनी विचारलं, "आमच्या हितनं मुंबईला इमान हाय की. त्यातनंच धाडू काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण तेव्हा कोल्हापूर-मुंबई विमान रोज नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी तर नव्हतंच. असतं तरी ते सत्तर-पंचाहत्तर माणसांचं. त्याच्या पोटात आधी प्रवाशांच्या बॅगा जातात. उरलेल्या जागेत साडेसहाशे किलो बीड बसेलच असं कुणी लिहून देत नाही. शिवाय देशांतर्गत मालाचं टर्मिनल वेगळं. तिथून सोडवून, पुन्हा गाडीत घालून सहारला आणायचा, म्हणजे वाचवलेले तास मुंबईतच खर्च करायचे. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मग टेम्पोच बरा. मी बी येतो संगट."

आणि ते खरंच आले. सकाळी वाशीच्या खाडीपुलापासून पुढे गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पोचल्यावर काकांनी तोंडावर पाणी मारलं आणि पहिला प्रश्न केला, "येळंत हाय न्हवं?"

वेळेत होतं. पण ताडपत्री उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. कास्टिंग उत्तम होते, गंजू नयेत म्हणून व्हीसीआयच्या, म्हणजे गंजरोधक, पिशव्यांत नीट बांधलेले. खालचे पॅलेट मात्र साध्या, कच्च्या लाकडाचे, आणि त्यांच्यावर कुठेच शिक्का नव्हता. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहील असं ते तापवायचं आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का उमटवायचा. तो शिक्का नसलेलं लाकूड युरोपच्या विमानतळावर अडकतं. लाकूड अडकलं की त्यावरचा मालही अडकला. बोटीच्या मालाला त्यांचा नेहमीचा पॅकिंगवाला शिक्क्याचे पॅलेट देत असे. या घाईत त्यानं हाताला लागले ते दिले होते.

मुंबईत अजून काय शिल्लक आहे ते अशा वेळी कळतं. मरोळ आणि साकीनाक्याच्या गल्ल्यांमध्ये पॅकिंगवाल्यांचे गाळे आहेत. एका गाळ्यावर प्लायवूडच्या पेट्या मिळाल्या. प्लायवूड तयार होतानाच उष्णतेनं आणि दाबानं चिकटवलेलं असतं, म्हणून त्याला त्या शिक्क्याची गरज नसते. टेम्पो तिथेच लावला. गाळ्यावरचे दोन कारागीर, टेम्पोचा ड्रायव्हर आणि स्वतः काका, बाह्या सरसावून. एकेक हाउसिंग उचलून नव्या पेटीत ठेवताना त्यांचा हात मशिनिंग केलेल्या बाजूवरून आपोआप फिरायचा, कुठे खरवड तर पडली नाही ना हे बघत. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून ऑफिसला नव्या पेट्यांची मापं दिली. हवाई भाड्यात लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० नी भागतात. येणारा आकडा आणि खरं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे पडतात. कपड्याच्या निर्यातदाराला हा हिशेब रडवतो. बिडाला त्याची भीती नाही, तिथे वजनच भारी. पण पेट्या बदलल्या की पॅकिंग लिस्ट बदलते, एकूण वजन बदलतं, आणि शेडमधल्या काट्यावरचं वजन कागदाशी जुळलं नाही तर पुन्हा रांग. म्हणून शिपिंग बिल आम्ही तोवर भरलंच नव्हतं. पेट्यांवर शेवटचा खिळा बसल्यावर चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा कच्चा मसुदा, काढली, काकांनी ती गाळ्यावरच वाचली आणि होकार दिला.

खिळे ठोकले जात असताना काका बोलत होते. त्यांचे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांची दुरुस्ती करायचे. ऊस आला, विहिरींवर इंजिनं आली, ती मोडली की सुटे भाग हवेत, आणि मुंबईहून भाग येण्याची वाट कोण बघणार? म्हणून उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी ते तिथेच ओतायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या इंजिनापासून गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत आणि तिथून जर्मनीच्या पंपापर्यंत, असा तो प्रवास. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पट्ट्यात भट्ट्या पेटलेल्या असतात. "आमच्या बापानं मिलिमीटर बघितला न्हाई, सूत बघितलं," काका म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "आता मायक्रॉन बघावा लागतोय."

मला माझे आजोबा आठवले. ते घाटावरून मुंबईला आले लालबागच्या गिरणीत, त्या काळी गावाकडच्या कित्येक घरांतून कुणी ना कुणी आलं तसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं त्यात उतरली, आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी गिरणीचं दार परत कधी नीट उघडलंच नाही. त्या जमिनींवर आता मॉल आणि टॉवर आहेत. तेव्हा गावचा माणूस मुंबईला यायचा आणि वस्तू मुंबईत बनायची. आता वस्तू गोकुळ शिरगावात, जळगावच्या एमआयडीसीत, इचलकरंजीच्या मागांवर बनते, आणि मुंबईला येते ती फक्त बाहेर पडण्यासाठी. मला याचं दुःख आहे तसाच आनंदही आहे. काकांच्या भट्टीवरची पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जेवतात. माझ्या आजोबांनी उमेदीची वर्षं खानावळीत काढली. पण मग आपलं, मुंबईचं, एक काम उरतं: हे दार मोकळं ठेवणं. आणि ते आपण करत नाही आहोत.

दुपार उलटल्यावर माल शेडमध्ये गेला. आमचा जी-कार्डवाला, म्हणजे कस्टमचं ओळखपत्र असलेला, पोरगा आत, मी बाहेर फोनवर. काट्यावर वजन जुळलं, आणि एक्स-रेवर गाडी अडली. बीड इतकं घट्ट असतं की किरणं आरपार जात नाहीत, पडद्यावर नुसता काळा ठोकळा दिसतो. सुरक्षेच्या दृष्टीनं काळा म्हणजे न दिसलेला. मग पेटी उघडून, पुसून घेतलेला नमुना स्फोटकांचा माग काढणाऱ्या यंत्रात घालून तपासणी. त्यात गंजरोधक तेलाचा वास आला म्हणून तेलाची सेफ्टी शीट मागितली गेली, कारण पेट घेणारं तेल असेल तर नियमच वेगळे. मी ती शीट काकांकडून सकाळीच मागवून ठेवली होती, ती तत्काळ दिली. तपासणारी माणसं त्यांचं काम चोख करत होती, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. 'लेट एक्सपोर्ट' मिळाली तेव्हा कट-ऑफला थोडाच वेळ उरला होता. काका बाहेर फुटपाथवर उभे होते. मी अंगठा वर केला, तसे त्यांनी दोन्ही हात जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं. रात्रभर टेम्पोत बसून आलेला माणूस, ज्याच्या कारखान्यावर कितीतरी घरं चालतात, त्यानं एका पेटीसाठी हात जोडावेत?

लहान शहरं विमानानं जोडायची केंद्राची उडान योजना २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या भाड्याची मर्यादा, आणि विमान कंपनीला तोटा भरून द्यायला तीन वर्षं मदत. पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला झाली, त्यांत आपलं नांदेड होतं. चांगली योजना, मी तिच्या बाजूची आहे. पण लहान गावाला मुंबईचा स्लॉट, म्हणजे विमान उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळणं ही दुसरीच लढाई आहे. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. सत्तर माणसांचं विमान उतरायला जेवढा वेळ घेतं, साधारण तेवढ्याच वेळात दोनशेंचं उतरतं. मग गर्दीच्या वेळा कुणाला मिळणार हे सांगायला नको. लहान गावाला उरते ती आडवेळ, आणि आडवेळेचं विमान उद्योजकाच्या उपयोगाचं नसतं: सकाळी मुंबईत मीटिंग करून रात्री घरी जाता आलं पाहिजे, संध्याकाळी निघालेली पेटी रात्रीच्या परदेशी विमानाला गाठ पडली पाहिजे. तसं झालं नाही की प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, आणि मदतीची मुदत सरली की सेवाच बंद. मग लोक म्हणतात, लहान गावात विमानतळ हवेत कशाला. उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाली. १० मार्च २०२४ ला, आमच्या त्या धावपळीनंतर थोड्याच दिवसांत, तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे. पण टर्मिनलबद्दलच्या बातम्यांत प्रवासी किती मावतील हे पहिल्या ओळीत असतं आणि मालाचा उल्लेख शोधावा लागतो. ज्या गावाची भाकरी मालावर आहे तिथे तरी हे उलट असायला हवं.

काकांचा माल वेळेत पोचला, लाइन थांबली नाही. भाड्यात त्या ऑर्डरचा नफा गेला, गिऱ्हाईक राहिलं. त्यांनी आता ओंबीच्या शिक्क्याचे थोडे पॅलेट आणि प्लायवूडच्या पेट्या कारखान्यातच तयार ठेवल्या आहेत. नव्या भागाचे नमुने ते विमानानं पाठवतात, हलके, एका माणसानं उचलावेत एवढे.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडायला लागली. तिथे पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन माल हाताळायची सोय धरली आहे, आणि कोल्हापूरच्या गाडीला तिथे पोचायला वाशीचा पूल ओलांडावा लागत नाही. काकांनी परवा फोन करून तेच विचारलं: "तिकडनं फ्रँकफर्टला कधी जाईल ओ?" मी एअरलाइनवाल्यांकडे चौकशी लावली आहे. कागलच्या आणखी एका कारखान्याची पेटी येत्या आठवड्यात येते आहे. ती सहारहून जाईल.