तीन आठवडे एका 'ड'पायी

'डे' या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधणं दहा मिनिटांत उरकेल असं वाटलं होतं. मराठीत दिवस, लॅटिनमध्ये दिएस, इंग्रजीत डे. अर्थ एक, सुरुवातही जवळपास एक, अजून काय हवं? पण शब्दकोशात एक ओळ आडवी आली: लॅटिन 'दिएस'शी संबंध नाही. बस्स. का नाही, याबद्दल अवाक्षर नाही. नुसतं उत्तर छापून रीत गाळणाऱ्या गणिताच्या पुस्तकाचा यावा तसा राग आला.

तीन आठवडे मी त्या ओळीशी भांडलो. दुसरा कोश काढला, तिसरा काढला, तिथंही तेच. कोशकारच चुकलेत, या थाटात मी पुरावे जमवत बसलो. सुटका केली ती याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाने. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी ज्या एकाच मूळ भाषेतून आल्या, तिच्यातला 'द' संस्कृत-लॅटिनमध्ये टिकला, पण इंग्रजी ज्या जर्मॅनिक घराण्यातली, तिथं त्याचा 'ट' झाला. आपले दोन तिकडे टू, दहा म्हणजे टेन, दात म्हणजे टूथ. म्हणजे दिवसाचं सख्खं भावंड इंग्रजीत 'ट'नेच सुरू व्हायला हवं! 'डे'मधला 'ड' जुन्या 'ध'चा, विधवेच्या 'विडो'त आहे तसा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: शब्दाचं आजचं रूप घेऊन धावत सुटू नका. जुन्या इंग्रजीत 'डे'च्या शेवटी 'ग' लिहीत, गॉथिक या जुन्या जर्मॅनिक भाषेत तर तो 'डाग्स' आहे. दिवसात 'ग' कुठून येणार? तो 'ग' मला पहिल्याच दिवशी दिसला होता, मी सोयीस्करपणे काणाडोळा केला. आणि एका जोडीवर भाळू नका. तोच बदल चार-पाच शब्दांत सापडला, तरच नातं खरं.

मग 'ट'वालं भावंड शोधायचा नादच लागला. 'दिव्' म्हणजे चकाकणं, त्याच मुळातून दिवसही आणि देवही. 'देव'चं जर्मॅनिक रूप 'तीवाझ', जुन्या इंग्रजीत 'तीव' नावाचा एक देव, आणि त्याचा वार तो ट्यूजडे. त्या वाराचा मागचा अर्धा भाग मी तीन आठवडे धरून बसलो होतो, नातं पुढच्या अर्ध्यात होतं.